आधी खाच बघ

स्टेअरिंगकाकांनी मशीन विकायला काढलं, आणि ते माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो. नंतर तुम्ही म्हणाल, पोरगा गोष्ट स्वतःच्या बाजूने फिरवतोय. फिरवणार आहेच थोडी, पण मुद्दा लपवणार नाही.

मशीन म्हणजे स्क्रोल सॉ. टेबलावर बसवायची छोटी करवत. पातं दोऱ्याएवढं बारीक. ते जागच्या जागी वर-खाली नाचत राहतं आणि आपण दोन्ही हातांनी फळी फिरवायची. नक्षी, अक्षरं, कोडी, काय वाट्टेल ते कापता येतं. बोटसुद्धा.

आम्ही तिघं. डॉक्टरीणबाई दातांच्या. त्यांच्या गॅरेजमध्ये आम्ही जमतो. शनिवारी त्यांची गाडी बाहेर उन्हात तापत उभी आणि आत आमचा भुसा. दुसरे स्टेअरिंगकाका. एकतीस वर्षं बस चालवली. फळी धरतात ती अशी की जणू हातात चाक आहे, आणि वळण आलं की स्वतःपण त्या बाजूला कलतात. तिसरा मी. झेरॉक्सच्या दुकानात असतो. जे काही शिकलो ते व्हिडिओ बघून, म्हणून दोघं मला 'व्हिडिओ' म्हणतात. ए व्हिडिओ, ते पातं दे. ए व्हिडिओ, पंखा बंद कर, भुसा डोळ्यात जातोय.

तसं अगदी सगळं व्हिडिओ बघून नाही. पातं किती ताणायचं ते काकांनी शिकवलं. "बोटाने छेडून बघ. टण् वाजलं पाहिजे. भद्द वाजलं की समज आज तुझा दिवस नाही." आतली भोकं आधी कापायची, बाहेरची कड शेवटी, नाहीतर धरायला काही उरत नाही, हेही त्यांनीच. बदल्यात मी त्यांचे नमुने दुकानात मोठे करून छापून देतो, रेघा जाड करून.

पण त्या माणसाबरोबर काम करणं म्हणजे, काय सांगू.

एक म्हणजे ते काहीच पटकन सुरू करत नाहीत. दर शनिवारी पहिली दहा मिनिटं खाच. त्यांच्याकडे चांगला दोन इंच जाड ठोकळा आहे. त्यात पात्याने पुढून जराशी खाच पाडायची, मशीन बंद करायचं, ठोकळा उलटा फिरवून पात्याच्या मागच्या बाजूला न्यायचा आणि बघायचं, तीच खाच मागून पात्यावर बरोबर बसते का. बसली तर मशीनचं टेबल, म्हणजे फळी ज्यावर सरकते ती पाटी, सरळ. नाही बसली तर टेबल कललंय, पातं फळीत तिरपं शिरतंय. हे दर शनिवारी! टेबल काय रात्रीत उठून फिरायला जातं का? वर प्रत्येक खाचेशेजारी पेन्सिलने तारीख. ठोकळ्याची पार वही झालीये.

आणि मग माझ्याकडे वळून, "आधी खाच बघ."

"काका, माझ्या मशीनला टेबल किती कललंय ते दाखवायला आकडे आहेत. काटा शून्यावर आहे."

"काटा काय, काटा कोणीही शून्यावर ठेवेल."

असं दर शनिवारी. दोन वर्षं. तुम्ही असता तर तुम्हीसुद्धा पंखा त्यांच्या बाजूला वळवला असता.

दुसरं म्हणजे त्यांची रेघ सुटते. आपण नमुना चिकटवतो, त्या रेघेवरून कापतो. माझं पातं रेघेच्या पोटातून जातं. काकांचं कधी रेघेच्या ह्या बाजूला, कधी त्या. मी म्हणायचो, "काका, लेन सोडली तुम्ही." ते म्हणायचे, "रस्ता मोकळा होता."

हसायचो आम्ही. ह्यावर हसायचो, हे लक्षात ठेवा.

वाचनालयातल्या बाईंनी मुलांच्या खोलीसाठी एक मोठं लाकडी कोडं मागितलं. रविवारी खोली सुरू होणार, त्याआधी बुधवारी चार मुलांना खेळवून बघायचं. मी कासव काढलं. पाऊण इंची फळी, सव्वीस तुकडे, जवळजवळ दोन फूट लांब. डोक्यापासून शेपटीपर्यंतची मधली रेघ मी कापली, कारण माझं मशीन नवं आणि माझा हात नेमका, असं माझंच मत. मग उजवी बाजू काकांना, डावी मला. माझे तुकडे मी नेहमीप्रमाणे पॉलिश पेपरने कडेला घासून घेतले. कोड्याचे तुकडे शेवटी थोडे घासावे लागतातच, त्याशिवाय सरकत नाहीत. ह्यावर मी व्हिडिओपण टाकलाय. चारशे जणांना आवडला.

काका म्हणाले, "मी नाही घासत. माझे आपोआप सरकतात."

"नशीबवान आहात."

पॉलिश ओलं होतं म्हणून मंगळवारी जुळवून बघितलं नाही. बुधवारी वाचनालयात घाईघाईत जुळवलं, रबरी हातोडीने ठोकून बसवलं. बसलं. छान दिसत होतं.

एक मुलगी पुढे आली. डाव्या बाजूचा एक पाय उचलला, निघाला. माझा. परत ठेवला. मग उजवीकडे पाठीचा मधल्या रेघेलगतचा एक तुकडा धरला. निघेना. जोर लावला. अख्खं कासव टेबलावरून वर उचललं गेलं, हवेत लोंबकळलं, आणि कट्. मधल्या रेघेवरची एक गाठ, म्हणजे तुकडे एकमेकांत अडकवणारा गोल उंचवटा, मोडली. मुलगी रडायला लागली.

वाचनालयातल्या बाई म्हणाल्या, "हे कोडं आहे का झाकण?"

आणि मला इतकी लाज वाटली ना. सगळे बघतायत. माझा तुकडा निघाला, काकांचा अडकला, सरळ दिसत होतं. काका वाकून ती मोडकी गाठ अंगठ्याने चाचपत होते आणि हळूच म्हणाले, "व्हिडिओ, टेबल बघ एकदा."

बस. माझं डोकं फिरलं.

"नाचता येईना अंगण वाकडं! काका, तुम्हाला रेघ दिसते तरी का? उगाच नाही तुम्हाला गाडीवरून उतरवलं."

मोठ्याने बोललो. वाचनालय आहे, टाचणी पडली तरी ऐकू येते. शेवटच्या बाकावरच्या म्हाताऱ्यांनी पेपर खाली केले.

आता हे शेवटचं वाक्य काय आहे ते सांगायला हवं. काका सगळ्यांना सांगतात, मी आपणहून निवृत्त झालो. खरं म्हणजे तीन वर्षं बाकी असताना डोळ्यांच्या तपासणीत नापास झाले, आणि त्यांना चाकावरून काढून चौकशीच्या खिडकीत बसवलं. हे त्यांनी एकट्या मला सांगितलं होतं. गॅरेजच्या दारात चहा पिताना, भुसा झटकत, असंच. घरात मुलाला आणि सुनेलासुद्धा माहीत नव्हतं.

काकांनी ती गाठ खिशात टाकली आणि गेले. मला तर वाटलं, नाटकं.

शनिवारी गॅरेजमध्ये गेलो तर काकांच्या टेबलावर भुशाच्या मधोमध एक स्वच्छ चौकोन. चार स्क्रूची भोकं. मशीन गेलेलं. ठोकळा मात्र खाली तसाच पडलेला.

डॉक्टरीणबाई हातमोजे घालत होत्या. करवतीवर हातमोजे घालू नयेत, हे शंभरदा सांगून झालंय.

"गुरुवारी मुलगा येऊन घेऊन गेला," त्या म्हणाल्या. "सुनेने ग्रुपवर टाकलंय, वाचलं नाहीस? मशीन द्यायचंय. आज पाच वाजता एक जण बघायला येतोय."

"विकू देत. मी काय करू?"

"तू काय केलंस ते आधी बघ."

"बाई, माझा तुकडा निघाला. त्यांचा नाही निघाला. ह्यात माझं काय चुकलं? बोललो ते चुकलं, मान्य. पण कासव त्यांच्यामुळे मोडलं."

"अस्सं." त्यांनी मोजे काढले. पेशंटला भूल देण्याआधी बघतात तसं माझ्याकडे बघितलं. "मग अख्खं कासव एकट्याने काप. पण घासायचं नाही. काका घासत नाहीत ना? न घासता बसवून दाखव. मग मीच त्यांना फोन करून सांगते की विका."

ह्या बाईंचं हे असं. गोड बोलून दाढ काढतात.

बरं म्हटलं, कापतो. उद्या सकाळी वाचनालयात कासव द्यायचंच होतं. नवी फळी घेतली, नमुना चिकटवला, अकराला बसलो. मधली रेघ, मग डावी, मग उजवी. एवढं मन लावून आयुष्यात कापलं नसेल. एकदाही रेघ सुटली नाही. पाठ मोडली, पाणी प्यायलो नाही. सव्वातीनला शेवटचा तुकडा पडला.

जुळवायला घेतलं.

पहिले दोन बसले. तिसरा वरून जाईना. खालून गेला. चौथा वरून गेला, पण शेजारचा काढल्याशिवाय निघेना. पाचव्याला अंगठा लाल होईपर्यंत दाबलं. डोकं तर पाठीत असं रुतून बसलं की खरं कासवसुद्धा एवढं आत जात नसेल.

दुसरं कोणी तिथे नव्हतंच. काका नाहीत, काकांचं मशीन नाही, काकांचे डोळे नाहीत. मी, माझं मशीन आणि माझी न सुटलेली रेघ.

डॉक्टरीणबाईंनी वाकून तो ठोकळा उचलला आणि माझ्यासमोर ठेवला. त्यावर ओळीने खाचा, प्रत्येकीशेजारी तारीख. शेवटच्या खाचेनंतर बोटभर जागा होती.

पुढून खाच पाडली. मशीन बंद केलं. ठोकळा फिरवून मागे नेला.

बसली नाही. पातं वरच्या टोकाला खाचेच्या ह्या बाजूला, खालच्या टोकाला त्या बाजूला. साधं डोळ्याने दिसत होतं. चांगला अंशभर कललेलं टेबल. काटा मात्र शून्यावर. अगदी ऐटीत.

मग आठवलं. दीड वर्षापूर्वी लाकडी वाटी करायचा व्हिडिओ बघितला होता. त्यात टेबल मुद्दाम तिरपं करून एकात एक बसणारी गोल कडी कापतात. मी केलं, वाटी बिघडली, टेबल परत काट्याप्रमाणे शून्यावर आणलं. त्या गडबडीत काटाच त्याच्या स्क्रूवर सरकला असणार. म्हणजे दीड वर्ष मी कापलेलं प्रत्येक कोडं तिरपं होतं. म्हणून घासावं लागायचं! आणि मी ते शास्त्र म्हणून चारशे जणांना शिकवलं.

मधली रेघ मी कापली होती. माझ्या बाजूने मी ती घासून सैल केली. काकांच्या बाजूने ती तशीच तिरपी राहिली, आणि त्यांचे सरळ तुकडे तिच्यात अडकले.

आणि सगळ्यात संताप कशाचा येतो सांगू? काकांची रेघ सुटते त्याने कोड्याला काहीच फरक पडत नाही. दोन शेजारचे तुकडे एकाच कापातून निघतात. काप इकडे गेला काय, तिकडे गेला काय, दोघं एकमेकांना बसणारच. काप फक्त उभा हवा. नक्षीत रेघ महत्त्वाची, कोड्यात नाही. हेसुद्धा मला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. कोणी? तुम्हीच ओळखा.

"चार दहा झालेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गाडीची चावी देऊ?"

काका तिसऱ्या मजल्यावर राहतात. दार वहिनीने, म्हणजे त्यांच्या सुनेने उघडलं.

"ये. अजून काही सांगायचं राहिलंय का आमच्याबद्दल? थांब, शेजारच्यांनाही बोलावते."

बुधवारचं घरापर्यंत पोचलं होतं तर. चपला काढल्या.

मशीन जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून ठेवलेलं, तेलपाणी केलेलं, चकचकीत. काका इस्त्रीचा शर्ट घालून बाजूला बसलेले, जणू मशीनला बघायला पाहुणे येणार आहेत.

मी ठोकळा पुढे केला.

"हा घ्यायला विसरलो होतो," ते म्हणाले. "दे. गिऱ्हाइकाला मशीनबरोबर देतो."

"शेवटची खाच बघा."

त्यांनी बघितलं नाही. अंगठ्याचं नख खाचेतून वरून खाली फिरवलं. मग माझ्याकडे बघितलं. मग परत नख फिरवलं.

"ही माझी नाही."

"माझी आहे. आजची."

"किती दिवस?"

"दीड वर्ष."

"दीड वर्ष तू घासतोयस?"

"हो."

"आणि तो तुझा व्हिडिओ?"

"काढून टाकतो."

काका हसायला लागले. आधी नाकातून, मग पोटातून, मग ठसका लागला, वहिनी पाणी घेऊन आली. मी उभाच. मला वाटलं, चला, सुटलो.

पाणी पिऊन झाल्यावर चेहरा एकदम सरळ.

"पण माझी रेघ सुटते, ते खरंय."

खोटं बोलता आलं असतं. बोललो नाही. "सुटते. अर्धा मिलिमीटर. कधी जास्त."

"आणि वाढत चाललंय."

"हो. पण कोड्याला काय फरक पडतो?"

"हे मला सांगतोस? मीच तुला शिकवलंय."

"हो."

"मग बुधवारी कुठे गेलं होतं?"

"नाही आठवलं."

"आणि दुसरं? तेही नाही आठवलं? मी कुणाला सांगू नको म्हटलं होतं ते?"

वहिनी दारात उभी होती. पंख्याचा आवाज. माझ्या हाताला अजून भुसा होता, मी तो पँटला पुसत राहिलो.

"ते आठवत होतं," मी म्हणालो. "आठवत होतं म्हणूनच बोललो. तुम्हाला लागावं म्हणून."

काकांनी ठोकळा टेबलावर ठेवला. "लागलं," ते म्हणाले.

वहिनी दारातूनच म्हणाली, "बाबा, आम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. खिडकीत बसायला लागल्यापासून तुमच्या शर्टाच्या बाह्या मळायच्या बंद झाल्या. कपडे कोण धुतं ह्या घरात?"

काकांनी तिच्याकडे असं बघितलं की दीड वर्षाचा घासण्याचा किस्सा त्यापुढे काहीच नाही.

तेवढ्यात बेल वाजली.

गिऱ्हाईक म्हणजे एक चपलांचा दुकानदार. दुकानाची पाटी स्वतः कापायची हौस आलेली. आल्या आल्या म्हणाला, "सुरू करून दाखवा."

काका उठले. त्यांनी वायर लावली, पातं छेडलं, टण्. आणि मग? मग काय! ठोकळा घेतला.

"आधी खाच बघायची," ते दुकानदाराला म्हणाले.

पाच मिनिटं. दहा मिनिटं. पुढून खाच, मागून खाच, बोट असं ठेवा, दम धरा, घाई काय आहे, गाडी सुटत नाहीये. त्याच्या हातात ठोकळा दिला. त्याची खाच बसली नाही, कारण त्याने ठोकळाच तिरका धरला. परत करायला लावलं. मी घड्याळ बघत होतो. दुकानदाराला घाम फुटला होता, पण डोळे चमकायला लागले होते. मला ते डोळे ओळखीचे वाटले.

"मग किंमत नक्की करू या?" तो शेवटी म्हणाला.

"शनिवारी या," काका म्हणाले. "शिका आधी. मशीनचं नंतर बघू. आणि घाईच असेल तर," माझ्याकडे अंगठा दाखवून, "ह्याचं घ्या. नवं आहे, आकडे आहेत, काटा शून्यावर आहे."

दुकानदाराला विनोद कळला नाही. वहिनीला कळला.

मग ते एकोणीस किलोचं मशीन तीन मजले खाली मी उतरवलं. काका मागून हात हलवत, "येऊ दे... येऊ दे... डावीकडे काट... बास! आता सरळ घे. अरे बास म्हटल्यावर बास!" दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दार उघडून बघून गेल्या. माझ्या पाठीची आधीच वाट लागली होती, आता उरलेलीही लागली. एकदा म्हटलं, "काका, गप्प बसा जरा." ते म्हणाले, "गप्पच होतो तीन दिवस. आवडलं का?"

गॅरेजमध्ये मशीन बरोबर त्या चौकोनात बसलं. संध्याकाळी सव्वासहाला काकांनी नव्या फळीवर कासव कापायला घेतलं. मी नमुना पुढे केला तर म्हणाले, "काय करायचाय? दिसत नाही ती रेघ कशाला चिकटवू?" खडूने बाहेरचा आकार काढला, मोठा, जाड, आणि आतले तुकडे असेच, मनाने, कलत कलत. मी शेजारी बसून माझं टेबल सरळ करत होतो. साडेआठला सव्वीस तुकडे पडले. एक पाय दुसऱ्यापेक्षा जाड. सगळे सरकत होते. पॉलिश पेपरला हात लावला नाही.

निघताना म्हणाले, "उद्या सकाळी वाचनालयात सांगायचं."

"काय?"

"टेबल कोणाचं वाकडं होतं ते. जेवढ्या मोठ्याने बोललास, तेवढ्याच मोठ्याने."

"काका, वाचनालय आहे."

"बुधवारीपण वाचनालयच होतं."

रविवारी तीच मुलगी आली. दोन बोटांत धरून पाठीचा तुकडा उचलला, ठेवला, परत उचलला. रडली नाही. बाई खूश. काका हाताची घडी घालून माझ्याकडे बघतायत.

मी घसा साफ केला. "बुधवारी कासव मोडलं ते माझ्यामुळे. माझ्या मशीनचं टेबल वाकडं होतं. काकांचं काम बरोबर होतं. आणि बाकीचं जे बोललो, ते बोलायचा मला काही हक्क नव्हता."

"शूऽऽ!" वाचनालयातल्या बाई.

काकांनी कानामागे हात नेला. "मागच्या बाकापर्यंत गेलं नाही."

मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने पेपर खाली करून, "गेलं, गेलं," म्हणून हात हलवला.

"त्यांचं सोड," काका म्हणाले. "मला नीट ऐकू आलं नाही."

म्हणून परत सांगितलं.